दारिद्र्याचे चित्र आणि श्रीमंतांची भिंत

दारिद्र्य आणि कला यांच्या नात्याचा विषय निघाला, की बहुधा दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, ज्या कलावंताने आपल्या काळातील दुःखाकडे पाठ फिरवली त्याची कला पोकळ होय. दुसरा पक्ष म्हणतो, भुकेल्या माणसाचे चित्र काढून भुकेल्याला काय मिळाले? त्याला भाकरी हवी. चित्र हवे असते ते ज्याचे पोट भरलेले आहे त्याला. दोन्ही मतांत तथ्य आहे, आणि म्हणूनच नुसता वाद घालून हा प्रश्न सुटत नाही. अशा वेळी इतिहासाकडे जावे हे बरे. जेथे संपत्ती अपार होती, दारिद्र्यही तितकेच होते, आणि त्या दारिद्र्याची चित्रे काढणारे समर्थ कलावंतही होते, असा एखादा काळ निवडावा, त्या चित्रांचे पुढे काय झाले ते नीट पाहावे, आणि मग आपले मत बनवावे. आजच्या विवेचनासाठी आपण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील लंडन शहर घेऊ.

लंडनच का, असे कोणी विचारील. १८५१ साली या शहरातील हाईड पार्कमध्ये काच आणि लोखंड यांचा प्रचंड महाल उभारून साऱ्या जगातील उद्योगधंद्यांचे प्रदर्शन भरविण्यात आले. आपल्या देशातून नेलेला कोहिनूर हिराही तेथे मांडला होता. त्या प्रदर्शनाला साठ लाखांवर भेटी नोंदल्या गेल्या. जगातील सर्वांत श्रीमंत राष्ट्राची ही राजधानी. आणि याच राजधानीत, रात्र पडली की शेकडो माणसे पाठ टेकायला जागा शोधीत हिंडत असत. संपत्ती आणि दारिद्र्य यांत एखाद्या रस्त्याचेच काय ते अंतर होते.

या दारिद्र्यासाठी कायदा नव्हता असे नाही. कायदा होता, आणि तो चांगला काटेकोर होता. १८३४ च्या नव्या कायद्याने निराधारांना घरी बसून मिळणारी मदत शक्य तो बंद करून त्यांना वर्कहाऊसची वाट दाखविली. वर्कहाऊस म्हणजे निराधाराला काम करवून पोसण्याची जागा. तिच्यामागचे तत्त्व असे, की आत येणाऱ्याची स्थिती बाहेरच्या सर्वांत गरीब कष्टकऱ्याच्या स्थितीहून वाईट असली पाहिजे. नाही तर लोक काम सोडून आत येऊन बसतील! नवरा एका बाजूला, बायको दुसऱ्या बाजूला, मुले तिसरीकडे, अशी कुटुंबाची वाटणी तेथे होत असे. ज्यांना एका रात्रीपुरता आसरा हवा त्यांच्यासाठी वर्कहाऊसला लागून एक निराळी खोली असे. तिला कॅज्युअल वॉर्ड म्हणत. १८६४ साली लंडनपुरता एक कायदा होऊन अशा खोल्यांची व्यवस्था लावण्यात आली. प्रवेशासाठी आधी पोलीस ठाण्यावर जाऊन चिठ्ठी घ्यावयाची, मग रात्री तुकडाभर पाव आणि पडायला जागा मिळावयाची, आणि त्याच्या मोबदल्यात दुसऱ्या दिवशी खडी फोडावयाची किंवा जुन्या दोरखंडांचे धागे सुटे करावयाचे, असा हा क्रम होता.

खोल्या भरल्या, की दार बंद होई. १८५५ सालच्या नोव्हेंबरातील एका ओल्या रात्री कादंबरीकार चार्ल्स डिकन्स व्हाइटचॅपेल भागातील वर्कहाऊसवरून जात असता त्याला दाराशी भिंतीला टेकलेली पाच गाठोडी दिसली. जवळ गेल्यावर कळले की ती गाठोडी नव्हेत, माणसे आहेत. आत चौकशी केली, तर जागा नाही असे उत्तर मिळाले. डिकन्सने प्रत्येकीच्या हातावर एकेक शिलिंग ठेवला. त्यांतल्या एकीने तो घेतला, पण ना आभार मानले, ना वर पाहिले; ती तशीच अंधारात निघून गेली. डिकन्सने ही हकीकत पुढे १८५६ च्या जानेवारीत आपल्या साप्ताहिकात छापली. दयेचा शिलिंग दिल्याने त्या बाईचे आणि आपले नाते काही बदलले नाही, हे त्या थोर लेखकाच्या नजरेतून सुटले नव्हते. हा प्रसंग ध्यानात ठेवावा अशी आमची विनंती आहे. तो आपल्याला पुढे लागणार आहे.

आता चित्रकारांकडे येऊ. १८६९ च्या डिसेंबरच्या ४ तारखेस लंडनमध्ये 'द ग्राफिक' नावाचे सचित्र साप्ताहिक सुरू झाले. त्याचा संस्थापक विल्यम ल्यूसन थॉमस हा स्वतः लाकडी ठसे कोरणारा कारागीर होता. त्या काळी छायाचित्र सरळ छापता येत नसे. चित्रकाराने कठीण लाकडाच्या ठोकळ्यावर चित्र काढावे, कोरणाऱ्यांनी ते रेघारेघांनी कोरावे, मोठे चित्र असेल तर अनेक लहान ठोकळे एकमेकांना जोडून ते अनेक हातांत वाटून द्यावे, आणि मग त्यावरून छपाई व्हावी, अशी रीत होती. थॉमसने तरुण चित्रकारांना विषय निवडण्याची मोकळीक दिली. याच पहिल्या अंकात ल्यूक फाइल्ड्स नावाच्या पंचविशीतील चित्रकाराचे एक चित्र आले. त्याचे नाव 'बेघर आणि भुकेले'. हिवाळ्याची रात्र आहे. पोलीस ठाण्याच्या भिंतीला लागून माणसांची रांग आहे. कडेवर मूल घेतलेली बाई आहे, अंग चोरून उभा असलेला बाप्या आहे, म्हातारा आहे. ती सारी कॅज्युअल वॉर्डाच्या चिठ्ठीसाठी तिष्ठत आहेत.

हा फाइल्ड्स कोण होता हेही सांगितले पाहिजे. त्याला ज्या आजीने वाढविले, ती मेरी फाइल्ड्स मँचेस्टरच्या स्त्रियांच्या सुधारणा-मंडळाची अध्यक्षा होती. १८१९ च्या ऑगस्टमध्ये मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानात मताधिकार मागण्यासाठी जमलेल्या हजारो निःशस्त्र लोकांवर घोडेस्वार घातले गेले, कमीत कमी पंधरा माणसे मेली आणि शेकडो जखमी झाली. ते हत्याकांड इंग्लंडच्या इतिहासात पीटरलू या नावाने कुप्रसिद्ध आहे. त्या दिवशी ही मेरी फाइल्ड्स व्यासपीठावर होती. अशा बाईच्या घरात वाढलेल्या मुलाने बेघरांच्या रांगेकडे पाहावे यात नवल ते काय? नवल पुढेच आहे.

'ग्राफिक'मधील ते चित्र मिले या नामांकित चित्रकाराच्या दृष्टीस पडले आणि त्याने ते डिकन्सला दाखविले. डिकन्सला आपल्या नव्या कादंबरीसाठी चित्रकार हवाच होता. ते काम फाइल्ड्सला मिळाले. १८७० च्या जूनमध्ये कादंबरी अर्धवट टाकून डिकन्स वारला, परंतु तोवर फाइल्ड्सचे नाव झाले होते. पुढे त्याने 'बेघर आणि भुकेले' याच विषयावर आठ फूट रुंदीचे भव्य तैलचित्र केले. त्यासाठी त्याने रस्त्यावरचीच खरीखुरी माणसे आणून, पैसे देऊन समोर उभी केली. १८७४ साली ते रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात लागले. त्याच्यासोबत, व्हाइटचॅपेलच्या त्या रात्रीविषयी डिकन्सने लिहिलेले शब्द छापले होते.

या चित्रापुढे गर्दी लोटली. काही समीक्षकांनी नाके मुरडली. असला ओंगळ विषय दिवाणखान्यात लावण्याजोगा नाही, असे त्यांचे म्हणणे. परंतु लोकांनी ते पाहिले, पुन्हा पुन्हा पाहिले. आता या चित्रातील एका लहानशा तपशिलाकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. रांगेच्या मागच्या भिंतीवर पोलिसांनी चिकटविलेल्या बक्षिसाच्या जाहिराती आहेत. एक टाकून दिलेल्या मुलाविषयी आहे. दुसरी हरवलेल्या पग जातीच्या कुत्र्याविषयी आहे. आणि कुत्र्याचे बक्षीस मुलाच्या बक्षिसापेक्षा मोठे आहे!

आमच्या मते साऱ्या चित्राचे मर्म येथे आहे. रांगेतील माणसे पाहून आपल्याला दया येते. पण त्यांची ही दशा का झाली, हे ती रांग सांगत नाही. थंडी पडली, नशीब फिरले, दारू प्यायला, असे कोणतेही कारण पाहणाऱ्याने मनाशी कल्पावे. भिंतीवरची ती जाहिरात मात्र अशी सोय ठेवीत नाही. ती सांगते, की या शहरात पैसा आहे, भरपूर आहे, तो कशावर लावायचा हे कोणी तरी ठरवीत असतो. कुत्रा हरवलेला तो सद्‌गृहस्थ चित्रात नाही. तो चित्रासमोर उभा आहे, प्रवेशमूल्य देऊन आत आलेला आहे! दारिद्र्याचे चित्र काढणाऱ्यापुढे म्हणून दोन वाटा असतात. एक, गरिबाला एकटे दाखविण्याची; दुसरी, गरीब आणि श्रीमंत यांच्यामधले नाते दाखविण्याची. पहिलीतून दया उपजते. दुसरीतून प्रश्न उपजतो. आणि श्रीमंत समाज दया आनंदाने विकत घेतो. प्रश्नाला गिऱ्हाईक मिळणे कठीण जाते.

हे म्हणणे पारखून पाहण्यासाठी फाइल्ड्सचा सोबती ह्यूबर्ट हर्कोमर याचे उदाहरण घ्यावे. हा मूळचा बव्हेरियातील गरीब कारागिराचा मुलगा. १८७७ साली त्याने 'ग्राफिक'साठी वेस्टमिन्स्टरच्या वर्कहाऊसमधील म्हाताऱ्या बायकांचे एक चित्र काढले. काळ्या-पांढऱ्या रेघांतील ते दृश्य उदास होते. ओढलेले चेहरे, वाकलेल्या पाठी, उघडीबोडकी खोली, एवढेच त्यात होते. पुढच्याच वर्षी त्याने याच विषयाचे मोठे तैलचित्र रॉयल अकॅडमीत मांडले. त्यात टेबलावर चहा आला, फुले आली, म्हाताऱ्यांच्या मुखावर समाधान आले. बायका त्याच, खोली तीच, कायदाही तोच. मग बदलले काय? बदलला तो पाहणारा. साप्ताहिकाचा अंक सहा पेन्सांना मिळे, आठवडाभर घरात राही आणि मग रद्दीत जाई. त्यातील कटू चित्र चालून जाते. परंतु शेकडो पौंड मोजून जे चित्र जेवणघराच्या भिंतीवर जन्मभर लावावयाचे, त्याने रोज घास कडू करू नये, अशी घरमालकाची अपेक्षा असते. हर्कोमरला ती अपेक्षा कोणी लिहून कळविली असे आम्ही म्हणत नाही. अशा गोष्टी कळवाव्या लागत नाहीत.

आणि सहा पेन्सांचा अंक तरी कोणाच्या घरी जात होता? मजुराच्या नव्हे. तोही सुखवस्तू मध्यमवर्गाच्याच टेबलावर जाई. तेव्हा या सर्व चित्रांत गरीब हा विषय होता, गिऱ्हाईक मात्र नव्हता.

तैलचित्र झालेल्या त्या रांगेचे पुढे काय झाले? १८८३ साली ते थॉमस हॉलोवे नावाच्या धनिकाने विकत घेतले. हॉलोवेने गोळ्या आणि मलम विकून अफाट संपत्ती मिळविली होती. त्याच्या औषधांत गुण फारसा नव्हता, पण जाहिरात जगभर होती. या संपत्तीतून त्याने लंडनबाहेर एगम येथे स्त्रियांसाठी एक भव्य महाविद्यालय बांधले आणि त्यासाठी सत्त्याहत्तर चित्रे खरेदी केली. १८८६ साली राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. स्त्रीशिक्षणावर पैसा खर्च करणाऱ्या गृहस्थाला दोष देण्याचे कारण नाही. तथापि चित्राचा प्रवास पाहण्यासारखा आहे. पोलीस ठाण्याच्या भिंतीजवळची माणसे प्रासादतुल्य इमारतीच्या भिंतीवर गेली आणि तेथेच स्थिरावली.

चित्रकारांचा प्रवासही त्याच दिशेने झाला. फाइल्ड्सने केन्झिंग्टनसारख्या प्रतिष्ठित वस्तीत त्या काळच्या पहिल्या प्रतीच्या वास्तुशिल्पज्ञाकडून घर बांधून घेतले. धनिकांच्या आणि राजघराण्यातील व्यक्तींच्या तसबिरी करण्यात त्याचा हातखंडा झाला. सातव्या एडवर्ड राजाचे राज्याभिषेकाच्या वेळचे अधिकृत चित्र त्यानेच रंगविले आणि १९०६ साली तो 'सर' झाला. पीटरलूच्या व्यासपीठावरील बाईचा नातू राजाचा चित्रकार झाला तो असा! हर्कोमरही तसबिरींकडेच वळला आणि त्याने किल्ल्यासारखे घर बांधले. त्यांचा तिसरा सोबती फ्रँक हॉल याने तुरुंगाच्या भेटीस आलेल्या गरीब बायकांचे हृदयद्रावक चित्र १८७८ साली काढले. त्यानंतर तसबिरींची मागणी इतकी वाढली, की त्या कामाच्या ओझ्याखाली तो पुरता खचला आणि १८८८ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी वारला.

यांना ढोंगी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांस तसे वाटत नाही. त्यांची करुणा खरी होती. हर्कोमरने तर १८८५ साली, काम न मिळाल्याने बायकामुलांसह रस्त्याकडेला थांबलेल्या मजुराचे चित्र काढले. कुदळ-फावडे बांधून बाजूला पडले आहे, बायको दमून मुलांसह बसली आहे, आणि तो रस्त्याच्या दूरच्या वळणाकडे पाहतो आहे. पुढे रॉयल अकॅडमीचा पूर्ण सदस्य झाल्यावर, १८९१ साली तेथे नियमाप्रमाणे एक चित्र भेट द्यावयाचे असता, त्याने राजाराणीचे नव्हे तर संपावर गेलेल्या कामगाराचे चित्र दिले. दाराच्या चौकटीत तो उभा आहे, बायको त्याच्या खांद्याला टेकली आहे, घरात अन्न नाही हे कळते आहे. असे चित्र अकॅडमीच्याच पदरात घालणे ही साधी गोष्ट नव्हे. पण येथेही पाहा: संप कोणाविरुद्ध आहे, मागणी काय आहे, हे चित्रात नाही. संपाचे दुःख आहे, संपाचे कारण नाही.

नातेच दाखवायचे असे मनात धरून बसलेला एक चित्रकार मात्र त्या काळात होता. त्याचे नाव फोर्ड मॅडॉक्स ब्राऊन. लंडनच्या हॅम्पस्टेड भागात रस्ता खोदणारे मजूर पाहून १८५२ साली त्याने 'काम' नावाचे चित्र सुरू केले आणि ते पुरे व्हायला १८६५ साल उजाडावे लागले. भर उन्हात, चित्राच्या मध्यभागी, मजूर फावडे चालवीत आहेत. डावीकडून छत्री घेतलेल्या बायका येत आहेत. त्यांतील एक मजुरांना धर्मोपदेशाच्या पुस्तिका वाटते आहे. फाटक्या कपड्यातला एक रानपाला विकणारा आहे. मागे घोड्यावर बसलेले स्त्री-पुरुष आहेत. खणलेल्या रस्त्यामुळे त्यांची वाट अडली आहे. काठावर बेकार माणसे निजली आहेत. उजवीकडे कार्लाइल आणि मॉरिस हे दोन विचारवंत हे सारे पाहत उभे आहेत. आणि अगदी पुढे आईवेगळी मुले आहेत. मोठी बहीण, स्वतःच पोर, धाकट्यांना सांभाळते आहे. त्यांच्याजवळच श्रीमंताचे एक कुत्रे आहे आणि त्याच्या अंगात लाल झूल आहे. येथेही कुत्रा आलाच!

हे चित्र एका रस्त्यावर साऱ्या समाजाला उभे करते. कोण राबतो, कोण उपदेश करतो, कोणाची वाट अडते, कोणाला काम नाही, हे एकाच नजरेत येते. पण असे चित्र काढायला तेरा वर्षे लागली, आणि तेही गिऱ्हाइकाच्या हातून पूर्णपणे सुटले नाही. ज्याने ते आधीच मागवून ठेवले होते तो लीड्सचा दलाल धर्मनिष्ठ गृहस्थ होता. पुस्तिका वाटणारी बाई आणि दोघा विचारवंतांपैकी एक, अशी भर त्याच्या इच्छेवरून पडली. ब्राऊनने बाईंना चित्रात घेतले खरे, पण मजुरांना त्या पुस्तिकांची काडीचीही पर्वा नाही हेही तितक्याच स्पष्टपणे दाखविले. गिऱ्हाइकाचे ऐकून आपले म्हणणे कसे राखावे, याचा हा धडा आहे. आज हे चित्र आणि हर्कोमरचा तो रस्त्याकडेचा मजूर ही दोन्ही मँचेस्टरच्या एकाच कलादालनात आहेत.

दयेच्या चित्राचा पुढे कसा उपयोग होऊ शकतो, याचे उदाहरण फाइल्ड्सच्याच हातचे आहे. साखरेच्या धंद्यात गबर झालेल्या हेन्री टेटने त्याच्याकडे एक चित्र मागितले. फाइल्ड्सने 'डॉक्टर' हे चित्र १८९१ साली पूर्ण केले. गरीब मजुराची झोपडी आहे. दोन खुर्च्या जोडून त्यांवर आजारी मूल निजविले आहे. डॉक्टर हनुवटीला हात लावून त्याच्याकडे एकटक पाहत बसला आहे. मागे आईने टेबलावर डोके टाकले आहे, बाप तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा आहे, खिडकीतून पहाट होते आहे. फाइल्ड्सचा स्वतःचा मुलगा १८७७ च्या नाताळात दगावला होता, आणि त्या वेळी आलेल्या डॉक्टरची स्मृती या चित्रामागे होती. तेव्हा भावना अस्सल होती यात शंका नाही. चित्र अतोनात लोकप्रिय झाले. टेटने राष्ट्राला अर्पण केलेल्या कलादालनात ते गेले आणि त्याच्या प्रती देशोदेशीच्या घराघरांत लागल्या.

परंतु झोपडीत डॉक्टर आला कसा? त्याची फी कोणी दिली? जवळच्या दहा झोपड्यांत तो जातो काय? चित्र हे विचारू देत नाही. त्यात चांगला डॉक्टर आहे आणि दुःखी कुटुंब आहे. कायदा, वेतन, व्यवस्था यांपैकी काहीच नाही. त्याचा परिणाम अठ्ठावन्न वर्षांनी दिसला. १९४९ साली अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी सर्व नागरिकांसाठी सरकारी आरोग्यविम्याची योजना लावून धरली होती. तिला तेथील डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेने कडवा विरोध केला आणि त्या विरोधाचे भित्तिपत्रक म्हणून फाइल्ड्सचे हेच चित्र वापरले. या चित्रात राजकारण आणू नका, असा त्यावरील मजकुराचा आशय होता. ती योजना बारगळली. गरिबाच्या झोपडीतील डॉक्टर हा गरिबाला डॉक्टर मिळू नये या कामी आला! चित्रकार तेव्हा हयात नव्हता. त्याने हे इच्छिलेही नसते. पण ज्या चित्रात नाते दाखविलेले नसते, त्यात ते वाटेल त्याला वाटेल तसे भरता येते.

मग गरिबांची स्थिती सुधारली ती कशाने? १८८६ पासून चार्ल्स बूथ नावाच्या व्यापाऱ्याने लंडनची रस्त्या-रस्त्यांनी पाहणी केली. शहरातील जवळजवळ एकतीस टक्के लोक दारिद्र्यात आहेत, असे त्याने आकड्यांनी दाखविले आणि प्रत्येक रस्त्याला रंग देऊन नकाशे छापले. १८८९ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या गोदी कामगारांनी संप केला. त्यांची मागणी तासाला सहा पेन्स मजुरीची होती. 'ग्राफिक'चा अंक जेवढ्याला मिळे, तेवढे दाम गोदीतला माणूस तासाभराच्या हमालीसाठी मागत होता! ऑस्ट्रेलियातील कामगारांनी तीस हजार पौंडांवर मदत धाडली, संप महिनाभर टिकला आणि मागणी मान्य झाली. १९०८ साली वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा झाला. सत्तरी ओलांडलेल्या गरिबाला आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत मिळू लागले. हर्कोमरच्या म्हाताऱ्यांना रंगातला चहा मिळाला होता; खरा चहा या कायद्याने दिला. गरिबांविषयीचा तो जुना कायदा शेवटी १९४८ साली पूर्णपणे रद्द झाला. आकडे, संघटना आणि कायदा यांनी हे काम केले. चित्रांनी ते केले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल.

असे असेल, तर चित्रे व्यर्थच म्हणावयाची काय? येथे आणखी एक माणूस आठवतो. विन्सेंट व्हॅन गॉग हा डच तरुण १८७३ पासून दोन वर्षे लंडनमध्ये चित्रविक्रीच्या पेढीवर नोकरीस होता. पुढे हेगमध्ये चित्रकला शिकत असता, स्वतः अर्धपोटी राहून, त्याने 'ग्राफिक'चे एकवीस जुने खंड १८८३ साली विकत घेतले. फाइल्ड्स, हर्कोमर, हॉल यांच्या ठशांना तो गुरुस्थानी मानी. त्यांच्या तैलचित्रांहून त्या काळ्या-पांढऱ्या कागदांचीच त्याला ओढ. १८८२ साली त्याने वृद्धाश्रमातील एका म्हाताऱ्याचे शिळाछापाचे चित्र केले. छापखान्यातील मजुरांनी ते पाहिले आणि भिंतीवर लावायला एक प्रत मिळेल का, असे विचारले. व्हॅन गॉगला याचा जो आनंद झाला तो त्याच्या पत्रांतून ओसंडतो. मजुरांच्या घरी लागतील अशी स्वस्त चित्रे काढण्याचा बेतही त्याने केला. पैशांअभावी तो तडीस गेला नाही. १८८५ साली त्याने बटाटे खाणाऱ्या शेतकरी कुटुंबाचे सुप्रसिद्ध चित्र काढले. त्यात फुले नाहीत आणि समाधानाचे हसूही नाही. ज्या हातांनी बटाटे उकरले तेच हात ताटाकडे वळले आहेत, हे त्याला दाखवायचे होते. या माणसांना कोणाच्या दयेची गरज आहे असे ते चित्र पाहून वाटत नाही. त्यांनी आपले अन्न कष्टाने मिळविले आहे, आणि म्हणून त्यांच्यासमोर आपणच जरा अवघडतो.

तेव्हा फाइल्ड्स आणि त्याचे सोबती यांचे श्रेय नाकारता येणार नाही. पोलीस ठाण्याजवळच्या त्या रांगेवरून हजारो लोक रोज जात होते, पण ती त्यांना दिसत नव्हती. चित्राने ती दिसू लागली. कलेचे काम येथे सुरू होते. दिसल्यानंतर पाहणाऱ्याने काय करायचे, हे मात्र कला त्याच्यासाठी करून देत नाही. डिकन्सच्या शिलिंगाने ती बाई कृतज्ञ झाली नाही, आणि तिने व्हायलाही नको होते.

आपल्याकडेही दुष्काळाची, झोपडपट्टीची, राबणाऱ्या मुलांची चित्रे, कथा आणि चित्रपट यांना तोटा नाही; ती पाहून आपले डोळे पाणावतात आणि आपण बरे वाटून घरी जातो. यापुढे असे काही पाहताना आपण एक साधा प्रश्न स्वतःला विचारावा, एवढेच आमचे सांगणे आहे. या चित्रात गरीब कोठे आहे ते तर दिसलेच. पण आपण कोठे आहोत? रस्ता खणणाऱ्यांत, उपदेशाच्या पुस्तिका वाटणाऱ्यांत, वाट अडली म्हणून घोड्यावर खोळंबलेल्यांत, की कुत्र्यासाठी मोठे बक्षीस लावणाऱ्यांत? चित्रात आपल्याला जागा नसेल, तर चित्रकाराने आपली गय केली असे समजावे, आणि ती जागा आपणच शोधून काढावी.